ज्या दौडीत कुणी पहिला येत नाही

टेरी फॉक्स 1 सप्टेंबर 1980 रोजी कॅनडातल्या थंडर बे शहराबाहेर थांबला. अटलांटिक किनाऱ्यावरच्या सेंट जॉन्स गावाहून निघून तो 143 दिवस धावत होता. एक पाय स्वतःचा आणि दुसरा कृत्रिम, असा तो 5,373 किलोमीटर आला होता. देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकपर्यंत जायचे होते. पण हाडाचा कॅन्सर आता फुफ्फुसांत पोहोचला होता. पुढच्या वर्षी 28 जूनला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, तो गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाने पहिली दौड झाली आणि तिच्यात तीन लाख माणसे उतरली. तेव्हापासून हा महिना कॅनडात टेरीचा. या दौडींतून आजवर 80 कोटी डॉलरहून अधिक रक्कम कॅन्सरच्या संशोधनासाठी उभी राहिली आहे. यंदाही माणसे त्याच्या नावाने रस्त्यावर येतील.

त्याच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सारे त्याला शोभते. आम्हाला आज त्याच्या समजुतीविषयी बोलायचे आहे. 1977 मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की वाचण्याची शक्यता निम्मी आहे. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा होती. हा फरक कुठून आला, हे त्या मुलाने नीट ओळखले. आधीच्या कुणाच्या तरी पैशातून आणि आधीच्या रुग्णांवर झालेल्या उपचारांतून आपल्याला ही वर्षे मिळाली, हे त्याला कळले. वॉर्डात आजूबाजूला कण्हणारी माणसे, त्यांत लहान मुलेही, त्याने पाहिली होती. आपण घेतले ते पुढच्यांसाठी परत करायचे, एवढ्यासाठी, संशोधनाला पैसे गोळा करत, तो रोज सुमारे बेचाळीस किलोमीटर धावत होता. सुरुवातीच्या आठवड्यांत रस्त्याकडेला फारसे कुणी नसे. मित्र गाडी घेऊन पुढे जाई आणि टेरी मागून येई.

दरवर्षी दौड भरवावी ही कल्पना इसाडोर शार्प या हॉटेल व्यावसायिकाची. त्यांचा तरुण मुलगा कॅन्सरनेच गेला होता. टेरी इस्पितळात असताना त्यांनी तार पाठवून त्याला हे सुचवले. टेरीने होकार दिला, पण स्पर्धा नको, असे सांगितले. म्हणून या दौडीत कुणी पहिला येत नाही, पदक नाही, प्रवेश शुल्क नाही. कुणी धावते, कुणी चालते, कुणी चाकाच्या खुर्चीत बसून येते. आणि पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते: मी अमक्यासाठी धावतो आहे. नावाची जागा कोरी ठेवलेली असते, ती ज्याने त्याने भरायची.

त्या कोऱ्या जागेपाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आपल्या घरांत हा आजार अजून लपवला जातो. शेजाऱ्यांना कळू देत नाहीत, मुलीचे लग्न ठरायचे असले तर नातेवाइकांनाही नाही. कित्येकदा खुद्द रुग्णालाही पूर्ण सांगितले जात नाही. सगळे कळूनही न कळल्यासारखे वागतात आणि फाइल सांभाळणारा एखादा मुलगा किंवा सून ते ओझे एकट्याने वाहते. अशा माणसाने भर रस्त्यात, अनोळखी गर्दीत, पाठीवर आईचे नाव लिहून चालावे, ही मोठी गोष्ट आहे. केमोची तारीख त्याच्या हातात नसते, रिपोर्ट त्याच्या हातात नसतो; चार पावले चालणे हातात असते. प्रिय माणसाच्या दुखण्यासाठी पायी चालून नवस फेडणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

चालण्याने कॅन्सर बरा होतो का, असे विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संशोधनात आहे आणि त्यासाठी कॅनडापर्यंत जायची गरज नाही. आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, असे 2009 मध्ये त्यातून पुढे आले. आज जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीचीच शिफारस करते, आणि त्यामागच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या त्या बायकांचा वाटा आहे. त्यांचे उपकार जगातल्या कितीतरी लेकीसुनांवर आहेत. त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत, याची आम्हाला खंत वाटते. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानेही 1987 पासून ग्रामीण रुग्णांची नोंद ठेवण्याचे कष्टाचे काम केले. अशी कामे वर्षानुवर्षे चालतात, त्यांना सतत पैसा लागतो, आणि त्यांची बातमी क्वचितच होते.

आता आपल्याकडेही फेब्रुवारीत जागतिक कॅन्सर दिनाला, ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी शहरोशहरी पदयात्रा निघतात. त्या निघाव्यातच. मात्र कार्यक्रमाचा पहिला तास भाषणांत जातो आणि उन्हात उभे राहून दमतो तो नुकताच उपचार संपलेला माणूस, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्याला पुढे चालू द्यावे, त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालावे. वाटेत बसायला खुर्च्या असाव्यात. प्रवेश शुल्क घेऊन टी-शर्ट वाटण्यापेक्षा टेरीच्या पद्धतीने, ज्याला जे जमेल ते द्यावे, असे ठेवले तर रिक्षावाल्याची बायकोही नवऱ्यासाठी त्यात चालू शकेल.

आणि पैसा कशासाठी, हे आधीच सांगावे. संशोधनासाठी असेल तर कोणत्या. रुग्णांसाठी असेल तर कोणत्या खर्चाला. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना विचारले तर खर्च कुठे होतो ते कळते. रेल्वे रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला 75 टक्के. पण मुंबईत महिनोन्‌महिने राहायचे कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा कितीही मायेने चालल्या तरी सगळ्यांना पुरत नाहीत. सोबत आलेल्याची मजुरी बुडते, गावाकडचे पीक दुसऱ्याच्या भरवशावर राहते, लहान मुलाची शाळा सुटते. हे खर्च विम्यात बसत नाहीत, योजनेतही बसत नाहीत. तिथेच उपचार अर्ध्यावर सुटतात.

म्हणून तालुक्याच्या गावातल्या पदयात्रेला मोठे उद्दिष्ट नसले तरी चालेल. तपासणीत संशय आलेल्या बायकांचे जिल्हा रुग्णालयापर्यंतचे आणि पुढच्या उपचारांचे एसटीभाडे, त्यांच्यासोबत जाणारीची त्या दिवसाची मजुरी, एवढे वर्षभर पुरवले तरी ते मोठे काम आहे. त्याचा हिशेब पदयात्रा संपल्यावर महिन्याभरात गावातल्या फलकावर लावावा: किती जमले, किती जणींना दिले, किती शिल्लक. पुढच्या वर्षी लोक आपणहून येतील.