गडचिंचले, वाढवण आणि तुमचे कॅमेरे

मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,


हे पत्र कोसबाडहून लिहितो आहे. आमचा डहाणू तालुका तुमच्या पडद्यावर क्वचित येतो. येतो तेव्हाही आमची बातमी सांगण्यासाठी नव्हे, तर मुंबई-दिल्लीच्या एखाद्या राजकीय भांडणात पुरावा म्हणून आणला जातो.

१६ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. लॉकडाऊनमध्ये कांदिवलीहून सुरतेला गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना तालुक्याच्या पूर्व टोकाला, गडचिंचल्यात, जमावाने पोलिसांदेखत ठार मारले. या क्रौर्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. वाहिन्यांवर खरा गदारोळ उठला तो १९ तारखेला, चित्रफीत सगळीकडे फिरू लागल्यावर. आणि पहिला प्रश्न आला तो मारणाऱ्यांच्या धर्माचा.

त्या चित्रफितीत कुणीतरी ‘ओये बस’ असे ओरडते. ते शब्द एका मुसलमान नावासारखे ऐकले गेले आणि तसेच देशभर पसरले. ज्या एका आवाजाने ‘थांबा’ म्हटले होते, तोच चिथावणी ठरला. अखेर २२ एप्रिलला तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. आरोपींचा धर्म जाहीर केल्याशिवाय राज्य शांत राहणार नाही, अशी वेळ गृहमंत्र्यांवर यावी, यात तुमच्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे. मग मिशनरींची चर्चा झाली. तलासरी-डहाणू हा लाल बावट्याचा मुलूख, म्हणून कम्युनिस्टांची झाली. उलट बाजूने उत्तर आले की गावच्या सरपंचबाई भाजपच्या आहेत. त्या बाईंनी त्या रात्री जमावाला आवरायचा प्रयत्न केला होता. त्यांना काय दिसले, काय ऐकू आले, हे विचारण्याआधी त्यांचा पक्ष विचारला गेला.

त्याच दिवसांत रिपब्लिक वाहिनीवरील चर्चेत अर्णब गोस्वामी यांनी सोनिया गांधींना या प्रकरणात ओढले. त्यावरून वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मेलेली तीन माणसे मागे पडून वाहिनीच बातमीचा विषय झाली.

या सगळ्यात जे सुटले ते असे. कित्येक दिवस पाड्यापाड्यांवर पोरं पळवणाऱ्या, किडन्या काढणाऱ्या टोळ्या आल्याची बोलवा होती. मोबाइलवर निरोप फिरत होते. माणसे लाठ्याकाठ्या घेऊन रात्रीचा पहारा देत होती. त्याच आठवड्यात सारणीजवळ मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरवर आणि त्याला सोडवायला गेलेल्या पोलिसांवर हल्ला झाला होता. म्हणजे धोक्याची घंटा वाजली होती. ही बातमी तासातासाला दाखवायला हवी होती, अफवा खोटी आहे हे पाड्यावरच्या माणसाला त्याच्या बोलीत सांगायला हवे होते. खोट्या निरोपावर जमाव गोळा होऊन माणसे मरतात, हे या भागाने ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला भोगले आहे. तेव्हा जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. आमच्याकडे अफवा ही जिवाशी गाठ असलेली बातमी आहे, आणि तिला राजकीय बातमीच्या रांगेत शेवटी उभे करणे चुकीचे आहे.

जुलै २०२० मध्ये सीआयडीने डहाणूच्या न्यायालयात हजारो पानांची आरोपपत्रे दाखल केली. त्यांत कारण होते ते अफवेचे. कासा पोलीस ठाण्यातले तिघे पुढे बडतर्फ झाले. पोलीस का अपुरे पडले, हा सरकारला अडचणीत आणणारा खरा प्रश्न होता. पण तोवर तुमचे पडदे सुशांतसिंह राजपूत प्रकरणाने व्यापले होते.

आता आमच्याच तालुक्यात होऊ घातलेल्या वाढवण बंदराचे पाहा. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव, खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर नाकारले होते. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. मधल्या काळात समुद्र बदलला, कायदा बदलला की सरकारचे मन, हा एका तासाच्या कार्यक्रमाचा विषय नव्हता का? १९ जानेवारी २०२४ ला पालघरला जनसुनावणी झाली. तीन दिवसांवर अयोध्येचा सोहळा आला होता, तुमचे लक्ष तिकडे होते. ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये भूमिपूजन केले. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा चार दिवस आधी कोसळला होता, त्याबद्दल त्यांनी त्याच व्यासपीठावरून माफी मागितली. ती बातमी मोठी होती, हे मी मनापासून मानतो. त्या पुतळ्याचे दुःख आम्हालाही झाले. पण माफी पुरेशी की अपुरी यावर पक्षांचे प्रवक्ते भांडत राहिले आणि ज्या कामासाठी तो मंडप घातला होता, ते काम तळाच्या पट्टीत गेले. वाढवण-वरोरच्या खडकांत शेवंड मिळते, त्या गावांत आणि चिंचणीत घराघरांत दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा चालतो. बंदर आल्यावर या दोन्हींचे काय होणार, हे विरोधकांनाही विचारा आणि समर्थकांनाही. बंदर हवे म्हणणारेही इथे आहेत, त्यांचेही म्हणणे पुरते ऐकलेले नाही.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ इथे आल्या तेव्हा गुरे राखणारी पोरे शाळेत येत नव्हती. त्यांनी कुरणशाळा काढली, गुरे चरतात तिथेच शिकवले. तुमच्याकडे त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. डहाणू-तलासरीसाठी वारली बोली समजणारा एक वार्ताहर कायमचा नेमा. अफवा उठली की त्याच दिवशी त्याला पाड्यावर पाठवा. वाढवणवर चर्चा ठेवाल तेव्हा चार प्रवक्त्यांतले दोन कमी करा आणि त्या खुर्च्यांवर एक मच्छीमार आणि एक डाय कारागीर बसवा. आणि गडचिंचल्याच्या खटल्याचा निकाल ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी निकालपत्र वाचून बातमी द्या. आरोपींची आडनावे वाचून नको.

आपला,
कोसबाडचा एक रहिवासी
ता. डहाणू, जि. पालघर