कुकर, कॅरॅव्हॅन आणि गॅसची बाटली

तर झालं असं... मार्च महिना, उत्तर वेल्समधली साइट, कुकरमध्ये खिचडी, आणि दुसऱ्या शिट्टीआधीच शेगडी ढेपाळली. बाटली उचलून पाहिली तर चांगली जड! चूक माझीच. इथली निळी बाटली म्हणजे ब्युटेन. शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही. लाल बाटलीतलं प्रोपेन उणे ४० च्या थंडीतही चालतं. (खिचडी शेजारच्या आजोबांच्या शेगडीवर झाली. त्यांना आवडलीही.)

तेव्हापासून मी बाटलीची नाही, किलोची किंमत बघतो. पुण्यात आईकडे १४.२ किलोचा सिलिंडर, इथली २.७५ किलोची चिमुकली बाटली किलोमागे दहा पौंडांच्या वर पडते!

मित्र म्हणतात, पंपावर भरायची बाटली घे. ऑटोगॅस दोन लिटर म्हणजे साधारण एक किलो, दोनेक पौंडांत. मोह झाला होता. पण बाटली आणि जोडणीचेच दोनशेच्या वर पौंड, त्यात असे पंपही कमी होत चाललेत. आम्ही वर्षाला जेमतेम पंधरा रात्री बाहेर. पैसे वसूल होईपर्यंत कॅरॅव्हॅनच भंगारात जाईल. बारमाही फिरणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावी. (बदलून घ्यायची साधी बाटली पंपावर गुपचूप भरू नका हं, ८० टक्क्यांवर भरणं थांबवणारी झडप तिच्यात नसते.)

आम्ही सहा किलोची लाल बाटली घेतली, फक्त फोडणी आणि कुकरसाठी. बाकी सगळं साइटच्या विजेवर, ती बहुतेक वेळा भाड्यातच असते. घरची तीन किलोवॅटची केटल लावली की दहा अँपिअरची लाइन ट्रिप! म्हणून एक किलोवॅटची आणली. चहाला वेळ लागतो, बायको कुरकुरते.