रजोनिवृत्तीतील निद्रानाशाची कैफियत

अहिल्यानगर शहराला खेटून असलेल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे कारखान्यांच्या पाळ्यांवर घराघरांतील स्वयंपाकाची वेळ ठरते आणि मनमाड रस्त्यावरील अवजड वाहतूक रात्रीही थांबत नाही, तेथे पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला मध्यरात्री अंगातून वाफा निघून, घामाने अंथरूण भिजून जाग यावी आणि पहाटेपर्यंत पुन्हा डोळा लागू नये, ही गोष्ट आजार म्हणून कोणी मोजीत नाही. ‘पाळी जायची वेळ आली, की असं व्हायचंच,’ एवढ्यावर तिची कैफियत निकालात निघते. हा निकाल अन्यायाचा आहे.

भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी थांबते. निद्रेची विस्कळीतता मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू होऊ शकते. इस्ट्रोजेन उतरू लागले, की मेंदूतील तापमाननियामक केंद्र इतके हळवे होते, की देहाची उष्णता किंचित वाढताच ते त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून घाम फोडते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. याच वयात घोरणे आणि झोपेत श्वास अडणे वाढते, थायरॉईड बिघडण्याचा संभव असतो, आणि लोहाच्या कमतरतेने रात्री पायांत अस्वस्थता येते. म्हणून यांपैकी काहीही न तपासता औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देणे, ही मला उपचाराची नव्हे, तर तक्रार मिटविण्याची तजवीज वाटते.

दीर्घकालीन निद्रानाशावर प्रथम वर्तनोपचार करावा, असे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या वैद्यांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले: उठण्याची वेळ रोज एकच, झोप नसता अंथरुणावर तळमळत न पडणे, दुपारनंतर चहा वर्ज्य. परंतु सकाळच्या पाळीचे डबे, नळाचे पाणी आणि आजारी सासूचे औषध ज्या एकटीच्या माथी आहे, तिला हा नियम घरच्यांनी कामे वाटून घेतल्यावाचून पाळता येणार नाही. घामाचे झटके असह्य असल्यास संप्रेरकोपचार आहे. २००२ सालच्या अमेरिकी संशोधनाने त्याची भीती बसली खरी. तथापि साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास नसलेल्या बहुतेक स्त्रियांत लाभ धोक्याहून अधिक ठरतो, असे आज तज्ज्ञ मानतात.

आणि याच जिल्ह्याच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या बायांचे काय? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली, की रजोनिवृत्ती क्रमाने न येता एकदम कोसळते, आणि कोपीत भल्या पहाटे उठणाऱ्या तिशीतल्या बाईची उरलीसुरली झोपही जाते. तिचे वय पाहून दवाखान्यात या कारणाचा संशयही कोणास येणे कठीण. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर अंडाशये ठेवली की काढली, याची नोंद स्पष्ट मराठीत करण्याची सक्ती सरकारने करावी. कारण अशा तरुण स्त्रीला, अन्य प्रतिबंध नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असा वैद्यकीय संकेत आहे, आणि ती तिला मिळायची, तर ही नोंद डॉक्टरांच्या हाती असली पाहिजे.