ट्रॅक्टरची दुरुस्ती : कोणती घरी, कोणती मिस्त्रीकडे?

ट्रॅक्टर अडला की प्रत्येक वेळी मिस्त्रीकडे धाव घेणे खर्चाचे असते. सर्वच काही स्वतः उघडून पाहणे त्याहून महाग पडते. पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून या दोन कामांची सीमा शेतकऱ्याने हंगामापूर्वीच ठरवावी.

तेलाची पातळी पाहणे, ग्रीस देणे, हवेची गाळणी स्वच्छ करणे, पंख्याचा पट्टा ताणणे ही कामे माहितीपुस्तिका व पान्यांचा संच जवळ असल्यास घरीच होतात. डिझेलची टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते व एंजिन सुरू होत नाही. ही हवा काढण्याचे काम काही मिनिटांचे. त्यापायी तालुक्याहून मिस्त्री बोलाविल्यास मजुरीबरोबर कामाचा दिवसही जातो.

इंधनाचा पंप व नोझल मात्र घरी मुळीच उघडू नयेत. त्यांतील भागांमधील अंतर मिलिमीटरच्या काही हजारांशांइतकेच असते. धुळीचा एक कणही त्यांस बाधक ठरतो. त्यांची जुळणी चाचणीयंत्रावरच करावी लागते.

जे डोळ्यांना दिसते व पुस्तिकेत सांगितले आहे, ते शेतकऱ्याने करावे. जे यंत्राने मोजल्यावाचून कळत नाही, त्याची मजुरी कुशल मिस्त्रीस आनंदाने द्यावी.