आईला बोल लावू नका

बाळ लुळे पडले, दूध ओढेना, की आपल्या पूर्णा-भिवंडीकडे बोट आईकडे जाते. काही वर्षांनी तेच मूल सतत खायला मागू लागले, की "आईनेच लाडावले!" पण हा प्रेडर-विली सिंड्रोम असू शकतो.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात: एक आईची, एक वडिलांची. १५व्या गुणसूत्रावरील काही जनुकांत आईची प्रत निसर्गतःच बंद असते, वडिलांचीच चालते. ती गळाली, की हा आजार होतो. बहुतेकदा हा निव्वळ अपघात असतो, कोणाचाही दोष नसतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दोष शोधू नका, निदान शोधा. रक्ताची डीएनए मिथायलेशन तपासणी करा. मुंबईच्या केईएममध्ये दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. वेळेवर कळले तर आहार आणि वाढ सांभाळता येते.