आराखड्याची परीक्षा

मे महिना उजाडला की जिल्ह्याजिल्ह्यांतून मान्सूनपूर्व आढावा बैठका भरतात, नियंत्रण कक्षातील पाळ्या मुक्रर होतात, आणि आपत्ती व्यवस्थापन आराखड्याची नवी प्रत तहसील कचेऱ्यांकडे रवाना होते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने आराखड्याचे दरवर्षी पुनर्विलोकन करण्याचे बंधन घातले आहे, आणि वेळोवेळी सराव घेण्याचे कर्तव्यही जिल्हा प्राधिकरणाकडे सोपविले आहे. परंतु आपल्या सरावांचा विषय बहुधा सुटका हाच असतो. बोटी, दोर, शिड्या, रुग्णवाहिका यांची तालीम अवश्य व्हावी. तथापि पाणी, वीज, दवाखाना व शिधावाटप चालविणारी कचेरी स्वतःच संकटात सापडली तर तिचा कारभार कोण, कोठून आणि कशाच्या बळावर चालवील, ही परीक्षा त्या तालमीत होत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही भेदले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्याच. परंतु ज्या जलाशयावर शहराची तहान भागत होती तोच रिता झाल्यामुळे, पूर ओसरताच पाण्याचे दुर्भिक्ष नागरिकांपुढे उभे राहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने उपसा केंद्रेच बुडविली आणि पाण्याने वेढलेल्या कोल्हापुरास पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पारेषण यंत्रणेतील बिघाडाने मुंबईची वीज गेली, तेव्हा लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालयांची भिस्त जनित्रांवर आली. या तिन्ही प्रसंगी सेवा खंडित झाली ती तिच्या अंगच्या दोषाने नव्हे, तर ज्या आधारावर ती उभी होती तो आधार निखळल्यामुळे.

आराखड्यात मात्र प्रत्येक खाते आपापले प्रकरण लिहिते. पाणीपुरवठा विभाग वीज मिळेल असे धरून चालतो, वीज कंपनी रस्ता खुला राहील असे धरून चालते, आणि भ्रमणध्वनी चालू राहील हे तर सर्वांनीच गृहीत धरलेले असते. ही गृहीतके एका टेबलावर, एकाच दिवशी, सर्व खात्यांच्या समक्ष एकापुढे एक वाचली गेली तर आराखड्यातील निम्मे वैगुण्य पैशाचीही तोशीस न पडता उघडे होईल, असे आमचे मत आहे.

त्यानंतरची परीक्षा पूर्वसूचनेवाचून व्हावी. तारीख आगाऊ कळविलेल्या सरावात हजेरी कळते, सिद्धता कळत नाही. जनित्र पाच मिनिटे चालवून बंद करणे ही चाचणी नव्हे. ते पूर्ण भारावर काही तास चालवावे, डिझेल किती लागले हे मोजावे, आणि साठा संपल्यावर रात्री दोन वाजता खरेदीच्या मागणीपत्रावर सही करण्याचा अधिकार कोणास आहे हे त्याच वेळी विचारावे. मुख्य अधिकाऱ्यास त्या दिवसापुरते अनुपस्थित समजून त्याच्या दुय्यमास निर्णय घेऊ द्यावेत. मुख्य इमारतीस कुलूप घालून पर्यायी जागेतून एक दिवस काम करून पाहावे. म्हणजे कोणते दप्तर, कोणता संगणक आणि कोणती किल्ली तेथे पोचलीच नाही हे आपोआप समजेल. मोजमाप एकच असावे: खंडित झालेली सेवा किती तासांत नागरिकाच्या दारी परत पोचली.

अशा परीक्षेत दोष निघतीलच, निघावेत यासाठीच ती घ्यावयाची. आणि म्हणून परीक्षक त्या कचेरीबाहेरचा असावा. आढळलेल्या उणिवेबद्दल अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा पडणार नाही असा स्पष्ट हुकूम शासनाने काढला पाहिजे, अन्यथा प्रत्येक अहवाल ‘सर्व व्यवस्था समाधानकारक’ याच वाक्याने भरेल. शेरा पडावयाचाच असेल तर तो तीच उणीव पुढील वर्षीच्या परीक्षेतही जशीच्या तशी आढळल्यास पडावा. आमचे वाचक याच कामात गढलेले आहेत. त्यांनी घेतलेल्या चाचण्यांची टिपणे, कोणत्याही कचेरीचे नाव न घालता, या मासिकात छापण्यास आम्ही सिद्ध आहोत. त्यांत फसलेल्या चाचण्यांना प्रथम स्थान दिले जाईल.