बुटक्या गाडीचा जामीनदार

देवाने दिलेल्या देहावर माणूस समाधान मानून बसला असता, तर शिंपी, न्हावी आणि दंतवैद्य यांची दुकानं कधीच बंद पडली असती. तेव्हा मुळातल्या वस्तूत सुधारणा करण्याची हौस मला समजते. समजत नाही ती पदरचे पैसे घालून, किंवा दुसऱ्याच्या पदराला हात घालून, चांगली वस्तू गैरसोयीची करून घेण्याची हौस. संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोडवर पाच मिनिटं उभे राहा. एखादी तरी मोटार जमिनीला पोट लावून सरपटत जाताना दिसेलच. तिचं काहीतरी रस्त्यात पडलंय आणि ती ते शोधते आहे, असं वाटतं.

आमच्या वडिलांच्या पिढीनेही गाड्या सुधारल्याच की. बजाजच्या स्कूटरवर पुढे धाकट्यासाठी इवलंसं सीट बसवलं, भाजीच्या पिशवीला हूक लावला, स्टेपनीला कव्हर शिवलं. फियाटच्या मागच्या काचेला पडदे आले, डॅशबोर्डवर पंखा आला. या सुधारणांमागे तत्त्व एकच : गाडीत एक माणूस जास्त मावला पाहिजे, नाहीतर मावलेल्याला घाम कमी आला पाहिजे. आताचं तत्त्व उलटं आहे. गाडी दीड-दोन इंच खाली आणायची. मग मागे तीन माणसं बसली की ती टेकते. म्हणून माणसंच बसवायची नाहीत.

या विषयात मी पडण्याचं कारण माझा भाचा. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने जुन्या बाजारातून एक लहानशी, टर्बोवाली, तडफदार मोटार घेतली. ब्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचारीचा यात काही दोष नाही. परवा तो एक कोटेशन घेऊन आला. उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर, ज्याला ही मुलं ‘कॉइलओव्हर’ म्हणतात, रु. १,१०,०००. मोठा इंटरकूलर रु. ५५,०००. पाइप आणि बसवणावळ रु. २०,०००. आणि शेवटी, कोटेशनमध्ये न छापलेली रक्कम :

“मामा, फक्त तुमची एक सही हवी होती.”

बँकेत वीस वर्षं घासलेल्या माणसाला ‘फक्त एक सही’ या तीन शब्दांत १८७२ चा संपूर्ण करार कायदा ऐकू येतो. त्यातल्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. म्हणजे गाडी भाच्याची, वेग भाच्याचा, आणि हप्ता थकला की नोटीस मामाची! मी कागद उलटा केला आणि हिशेब मांडला. एक लाख पंच्याऐंशी हजार, बारा टक्के व्याज, तीन वर्षं : हप्ता रु. ६,१४५. नुसतं व्याजच छत्तीस हजारांवर जातं. तेवढ्यात चार नवे टायर येतात. तेव्हा माझा मुद्दा सुरुवातीलाच स्पष्ट करतो : गाडी बुटकी करण्याला माझा साफ विरोध आहे, इंटरकूलर यादीत सगळ्यात शेवटी आहे, आणि त्याच्या आधी करण्यासारखं जे आहे ते कोटेशनमध्ये नाहीच.

इंटरकूलर म्हणजे काय हे मी भाच्याकडूनच शिकलो. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तशी ही दाबलेली हवाही तापते. तापलेली हवा विरळ. तिच्यात प्राणवायू कमी, आणि पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके मारायची भीती जास्त. म्हणून वाटेत एक जाळीदार डबा बसवतात, रेडिएटरचा धाकटा भाऊच म्हणा ना. त्यातून जाताना हवा निवते. इथवर सगळं खरं आहे. पण हा धाकटा भाऊ कंपनीने गाडीत आधीच बसवलेला आहे. भाच्याला त्याच्या जागी दांडगा भाऊ हवा आहे.

आता दांडग्या भावाची कमाई पाहू. साठ अंशांची हवा पन्नास अंशांवर आणली तर त्याच दाबाला तिची घनता वाढते सुमारे तीन टक्के. आमच्याकडे मुदत ठेवीवर याहून जास्त मिळतं, आणि त्यासाठी बंपर कापावा लागत नाही. बरं, ते तीन टक्के तरी पदरात पडतात का? हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे ठरवायला गाडीत एक संगणक असतो. तो आमच्या हेड ऑफिससारखा आहे. नवं सर्क्युलर आल्याशिवाय जुन्याच नियमाने चालतो. म्हणजे मग ट्यूनिंग आलं. ट्यूनिंगने जोर वाढला की क्लच घसरायला लागतो. क्लच बदलला की ब्रेक अपुरे वाटायला लागतात. नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत; त्यांच्या कर्जाच्या फायली आमच्या कपाटात आहेत.

शिवाय डबा मोठा, पाइप लांब, तर तो भरायला वेळही जास्त. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडते. रेडिएटरच्या पुढे बसून तो त्याचा वारा अडवतो ते वेगळंच. आणि स्वतः थंड व्हायला त्याला वारा लागतो. द्वारका चौकात मे महिन्यात वीस मिनिटं अडकलेल्या गाडीला वारा कुठून मिळायचा? तिथे धाकटा आणि दांडगा, दोघेही सारखेच घामाघूम! रेसच्या ट्रॅकवर, कोइम्बतूरला किंवा चेन्नईजवळ, फेऱ्यांमागून फेऱ्या गाडी ताणायची असेल तर मोठा इंटरकूलर खरोखर उपयोगी पडतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण भाचा जातो अंबडला. थंड हवेचीच हौस असेल तर त्याने डिसेंबरातल्या पहाटे निफाडला जावं. तिथला पारा दर थंडीत वर्तमानपत्रात झळकतो, आणि ती हवा फुकट आहे.

आता बुटकेपणाचं पाहू. भाच्याचं म्हणणं, “मामा, कसाऱ्याच्या घाटात गाडी झुलते.” झुलत असेल. पण का झुलते? स्प्रिंग म्हणजे उत्साह आणि शॉकअब्सॉर्बर म्हणजे अक्कल. खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी जागच्या जागी जिरवायची ते काम शॉकअब्सॉर्बरचं. ब्याऐंशी हजार किलोमीटरनंतर त्यातलं तेल गळून गेलेलं असतं, बुश चिरलेले असतात. म्हणजे उत्साह शाबूत आणि अक्कल संपलेली. अशा वेळी अक्कल नवी आणायची की उत्साहाचे पाय कापायचे?

मी खाली जाऊन गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन थांबायला हवं, तर मागची डावी बाजू तीनदा उसळली. आतून तेलाचा ओघळही आलेला होता.

गाडी खाली आणली म्हणजे चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. गुळगुळीत रस्त्यावर ते शोभतं. खडबडीत रस्त्यावर चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत राहतं, आणि हवेत राहिलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येतं. मी कॉमर्सचा पदवीधर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ आमच्या नाशिकच्याच आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर झालेली आहे. कच्च्यावर पळणाऱ्या त्या गाड्या उंच असतात, त्यांच्या चाकांना वरखाली व्हायला भरपूर वाव ठेवलेला असतो. आणि नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी महिंद्राची थार जमिनीपासून २२६ मिलीमीटर उंच आहे. आमच्या रस्त्यांची इतकी ओळख असलेले लोक गाडी उंच ठेवतात, आणि आमचा भाचा ती खाली आणतो!

गतिरोधकांचं तर विचारूच नका. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर असावा. आमच्या कॉलनीतला गतिरोधक कुठल्या काँग्रेसचा आहे ते कळत नाही. तो निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एका रात्रीत उगवला आणि कापलेल्या कलिंगडासारखा बसला आहे. त्यावरून बुटकी गाडी जाताना जो आवाज येतो, तो ऐकून शेजारचे जोशीकाका दाढेच्या डॉक्टरांची वेळ घेतात.

कायद्याची बाजू सांगितली की भाचा जांभई देतो, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी सोय केली. आणि विमा कंपनीला न कळवता गाडीत असा फेरफार केला, तर अपघातानंतर दावा नाकारायला तिला आयतंच निमित्त मिळतं. मग गाडीही गेली, पैसेही गेले, आणि हप्ता मात्र उरला. तो कुणाचा? १२८ वं कलम पाहा.

“पण मामा, हा छंद आहे. सगळं काय हिशेबातच बसवायचं?” भाच्याचा हा शेवटचा बाण. बाण चांगला आहे. तबला शिकणाऱ्याला मी व्याजदर विचारत नाही. पण तबल्याच्या मागच्या सीटवर माझी बहीण बसत नाही. ती मणक्याच्या दुखण्यासकट दर पौर्णिमेला याच गाडीतून नांदुरीचा घाट चढून वणीच्या गडावर जाते. मुलाला ती कधी ‘गाडी दणकते’ म्हणायची नाही. उशी घेऊन बसेल. आमच्याकडच्या आयांची ही जुनी खोड आहे. म्हणून तिच्या वतीने हे मामाने बोलायचं.

मी माझं कोटेशन लिहून दिलं आहे. मूळ उंचीचे, चांगल्या प्रतीचे चार शॉकअब्सॉर्बर, सगळे बुश, चार टायर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट. घाटात गाडी झुलायची थांबेल आणि बहिणीची उशी घरी राहील. एवढ्या कागदावर मी सही करतो. कमी पडलं तर बिनव्याजी देतो. इंटरकूलरचा कागद ड्रॉवरमध्ये आहे आणि तिथेच राहील.

वाचकहो, तुमच्याकडेही एखादा भाचा ‘फक्त एक सही’ मागायला येईल. पेन शोधू नका. खाली जा, गाडीचा कोपरा दाबा आणि उसळ्या मोजा. एकच आली तर वर या आणि दोघांसाठी चहा टाकायला सांगा. तीन आल्या तर शॉकअब्सॉर्बरपुरती सही द्या. आणि थंड हवेचा विषय निघालाच, तर त्याला निफाडचा रस्ता दाखवा. जाताना स्वेटर मात्र आठवणीने द्या.